सूचक म्हणून माझं नाव

शनि. १ मार्च

आप्पांच्या कॉन्डोत आमच्या पॅनेलची बैठक. चहा, ढोकळा आणि माझा अपमान. याच क्रमाने.

इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा पुढचा अध्यक्ष ठरवायचा होता. पॅनेल एकच, त्यामुळे इथे उमेदवार ठरला की अध्यक्ष ठरला. सर्वसाधारण सभेत नुसत्या टाळ्या. माझ्या सेक्रेटरीपणात तिघे अध्यक्ष आले नि गेले. आप्पा मावळते. गेल्या गणपतीत चारचौघांत म्हणाले होते, "मीनल, पुढची तूच." म्हणून आज बरी साडी नेसून गेले. गाढव मी!

नाव निघालं अनिकेतचं. तांजोंग पगारला, त्या ऑफिसांच्या भागात, कुठल्याशा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट. मंडळात येऊन फार तर दीड वर्ष. गणपतीला आला तो थेट महाप्रसादाच्या रांगेत. आजच्या बैठकीलाही नव्हता. टूरवर.

"फ्रेश फेस हवा." "लीडरशिपचा अनुभव आहे त्याला." एक जण म्हणाला, "अहो, हल्ली देशांचे अध्यक्षसुद्धा राजकारणाबाहेरचे निवडून येतात. पक्ष त्यांना बोलावून तिकीट देतात." मी म्हटलं, मग उद्यापासून लग्नाला गुरुजीही नकोत, आवाज चांगला असलेला कोणीही बसवू. सगळे हसले. मी विनोद करत नव्हते.

माझं नाव कोणी घेतलंच नाही. मीही नाही घेतलं. आपलं नाव आपणच कसं घ्यायचं? आमच्याकडे तसं करत नाहीत. मग चहाचे कप उचलले आणि सिंकमध्ये नेऊन ठेवले. हे का केलं?

रवि. २ मार्च

काल बोलायचं राहिलेलं सगळं आज भाजी चिरताना सुचतंय.

त्याच्या हाताखाली पन्नास माणसं आहेत म्हणे. असतील. त्यांना पगार मिळतो. मंडळात कोणाला दमडी मिळत नाही, तरी शनिवारी सकाळी माणसं यायला हवी असतात. बिनपगारी माणसाकडून काम करून घ्यायचं, वर त्याला रुसू द्यायचं नाही, हे राजकारण नाही तर काय? मी तेच करत आले. त्याला "मीनलची मदत" म्हणतात. अनिकेतच्या बँकेतल्या मीटिंगांना "अनुभव" म्हणतात.

धुपाच्या धुरानं हॉलचा फायर अलार्म वाजला होता त्या वर्षी अध्यक्ष बाहेर पाहुण्यांबरोबर फोटो काढत होते. हॉलच्या मॅनेजरसमोर हात जोडून उभं कोण होतं? ढोल किती वाजता बंद करायचे, पोलिसांची परवानगी कोणत्या मिरवणुकीला लागते नि

जाऊ दे.

दुपारी आणखी एक. बैठकीचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली "भावी अध्यक्षांचं अभिनंदन!" झालं. आपल्या लोकांना अभिनंदन करायला कारण लागत नाही, पहिला माणूस लागतो. हार, पेढे, फटाके, हात जोडलेले. सभा अजून दोन आठवड्यांवर, निवड झालेली नाही आणि इकडे सत्कार उरकलासुद्धा. आता मागे घ्यायचं म्हटलं तर "त्या बिचाऱ्याला कसं वाटेल?"

खाली खाली जात होते तर "हार्दिक अभिनंदन! सक्षम नेतृत्व!!" – श्रीकांत.

माझा नवरा! दोन उद्गारचिन्हं!

जाब विचारला. म्हणाला, "अगं, सगळे टाकत होते." याने तुआसच्या प्लांटमध्ये आयुष्यभर सेफ्टी बघितली. वाल्व्ह उघडण्यापूर्वी तीनदा तपासतो. ग्रुपवर मात्र न वाचता.

मंगळ. ४ मार्च

आप्पांचा फोन. आवाजात साखर.

"मीनल, सभेत अनिकेतचं नाव तू सुचव. सूचक म्हणून तुझं नाव असलं की वजन पडतं. तुझ्याइतकं अनुभवी कोण आहे?"

अध्यक्षाला अनुभव नको आणि त्याचं नाव घेणारीला हवा!

मग विचारलंच. आप्पा, मला का नाही? सरळ सांगा.

म्हणाले, आणि हे मात्र खरं बोलले, "तुझं नाव घेतलं की चार जण नाक मुरडतात. केटररवरून तुझं सुलभाशी वाजलं. नाटकाच्या तारखेवरून त्या बेडोकवाल्यांशी. त्याला अजून कोणी ओळखतच नाही, म्हणून विरोधही नाही. अध्यक्ष सगळ्यांना चालणारा लागतो."

म्हणजे काम केलं म्हणून भांडणं झाली आणि भांडणं झाली म्हणून मी बाद. काहीच न केलेल्याची पाटी कोरी, म्हणून तो लायक. चांगलं आहे. या हिशेबाने आमच्या लिफ्टलासुद्धा अध्यक्ष करता येईल, तिचंही कोणाशी वैर नाही.

"विचार करून सांगते" म्हटलं. "नाही" का नाही म्हटलं?

शुक्र. ७ मार्च

रेवा हॉस्टेलवरून घरी. पॉलिटिकल सायन्स शिकते, म्हणून तिला सगळं सांगितलं. वाटलं, लेक आहे, बाजू घेईल.

"बट आई, फर्स्ट टाइम सेक्रेटरी झालीस तेव्हा तुला काय एक्सपीरियन्स होता?"

नव्हता. काहीच नव्हता. पहिल्या वर्षी हॉलच बुक करायला विसरले होते.

"सो? समबडी गेव्ह यू चान्स, लाह. आणि आप्पाआजोबा थ्री टाइम्स प्रेसिडेंट. लॉट्स ऑफ एक्सपीरियन्स. तूच म्हणतेस ही डझ नथिंग."

मुलीला शिकवायला एवढा खर्च केला तो ह्यासाठी. वर इथल्या पोरांचं ते 'लाह'.

पण खरं आहे ते. खुर्चीत बसून खुर्ची झिजते, माणूस शिकतोच असं नाही. मग मी नक्की कशावर चिडलेय? अनुभवाला किंमत नाही यावर, की माझ्या अनुभवाला नाही यावर? रेवाला हे विचारलं नाही. तिने उत्तर दिलं असतं.

तरीही. मला चान्स मिळाला तो चिटणीसपदाचा. पहिल्याच दिवशी कोणी डोक्यावर नेऊन बसवलं नव्हतं.

रवि. ९ मार्च

अनिकेत स्वतः भेटायला आला. आमच्या बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या टपऱ्यांत. कोपी, म्हणजे इथली कॉफी, त्यानेच आणली, माझी बिनसाखरेची, कुणाला तरी विचारून आला होता. वाईट मुलगा असता तर किती सोपं झालं असतं.

"ताई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही आहात म्हणून मी हो म्हटलं."

म्हणजे?

"आप्पा म्हणाले, काम सगळं मीनलताई बघतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. तू फक्त स्टेजवर."

बोलणं झालंय! माझ्याशी! मी कप खाली ठेवला.

"तुला कशाला व्हायचंय रे अध्यक्ष?"

तो जरा ओशाळला. "पीआरचा अर्ज करतोय, इथे कायमचं राहायला. कम्युनिटीत काही केलेलं असलं की बरं दिसतं म्हणतात. आणि खरं सांगू? आप्पांना नाही म्हणता आलं नाही."

हे त्याचं पहिलं खरं राजकारण म्हणायचं.

म्हणावंसं वाटलं, की मलाच उभं राहायचं होतं रे. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी पाडव्याच्या कार्यक्रमाला किती खुर्च्या लागतात ते त्याला समजावून सांगत बसले, अर्धा तास. तो फोनमध्ये टिपून घेत होता. घरी येताना लिफ्टमध्ये स्वतःला मोठ्याने शिवी दिली. शेजारची आंटी बघत राहिली.

गुरु. १३ मार्च

होळी. पुरणपोळ्या केल्या. पुरण पातळ झालं, पोळ्या फुटल्या. राग पुरणाला कळतो.

जेवताना श्रीला विचारलं, मी उभी राहिले तर?

त्याने माझ्या फुटक्या पोळीवर तूप वाढलं. मग म्हणाला, "तू चांगलीच होशील. पण पडलीस तर? आणि जिंकलीस तरी निम्मे लोक बोलायचे बंद होतील. इथे आपलं दुसरं कोण आहे, मीनल?"

तिथेच तर घोडं अडलंय. श्रीची बायपास झाली तेव्हा महिनाभर डबे याच लोकांनी पोचवले. सुलभाने तर मुलाच्या हाती पाठवला होता, कारण माझ्याशी अबोला. भाजीत मीठ मात्र श्रीच्या पथ्याचं होतं. पुण्यात भांडण झालं तर दुसरी गल्ली असते. इथे रविवार एकच आणि हॉलही एकच.

आणि गप्प बसले तर? पुढची दोन वर्षं अनिकेतच्या मागे उभी राहून त्याच्या कानात सांगायचं, आता हार घाला, आता आभार माना. मला नाही जमणार. मला त्याचा राग येईल आणि त्याचा काही दोषही नसेल.

आप्पांचा मेसेज: "सूचक म्हणून तुझं नाव कार्यक्रमपत्रिकेत टाकलंय." न विचारता.

रवि. १६ मार्च

सभा झाली. जसं घडलं तसं लिहिते, उद्या मीच बदलून सांगीन.

हॉल बऱ्यापैकी भरलेला. अनिकेत पहिल्या रांगेत, नवा कुर्ता. अहवाल, टाळ्या, समोसे कुठे ठेवलेत त्याची सूचना. मग आप्पा माइकवर, "अध्यक्षपदासाठी नाव सुचवण्याची मी आपल्या सर्वांच्या लाडक्या मीनलताईंना विनंती करतो."

उठले. माइकपर्यंत पोचेपर्यंत ठरलेलं नव्हतं, हे देवाशपथ खरं. मग समोर बघितलं. सगळे आधीच टाळ्यांसाठी हात वर घेऊन बसलेले. मी काय बोलणार याची एकालाही उत्सुकता नव्हती. त्याने डोकं फिरलं.

म्हटलं, "अनिकेत चांगला मुलगा आहे. त्याने दोन वर्षं समितीत काम करावं, खुर्च्या लावाव्यात, चार जणांशी भांडावं, मग त्याचं नाव मी स्वतः सुचवीन. आज मी माझं नाव सुचवते."

काही जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग त्यांना कळलं.

आप्पा म्हणाले, "असं कसं... स्वतःचं स्वतः..." मी म्हटलं, मंडळाच्या घटनेत चालतं, फक्त अनुमोदक लागतो. "मग अनुमोदक?" आप्पांनी हॉलला विचारलं. श्रीचा हात वर गेला. लाल झाला होता नुसता, पण गेला! मात्र एका घरातले दोघे चालत नाहीत. त्याने हात खाली घेतला.

कोणी हलेना. ज्यांच्या मुलांच्या मुंजींना मी राबले ते चपला बघत होते. सगळ्यात जास्त राग त्यांचा आला, अजून आहे.

आणि मग मागून सुलभा.

"माझं अनुमोदन. हिच्याशी माझं पटत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण हिच्याशी भांडलं की दुसऱ्या दिवशी काम झालेलं असतं. नव्या माणसाशी मी कशावरून भांडू?"

खाली बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर नुसता गोंधळ. दोन उमेदवार, म्हणजे मतदान. मतदान घ्यायचं कसं, ते कोणालाच ठाऊक नाही, कारण कधी घेतलेलंच नाही. हात वर करायचे की चिठ्ठ्या? एका कुटुंबाचं मत एक की दोन? एवढे इंजिनिअर, एवढे मॅनेजर, तासभर वाद, समोसे गार. शेवटी मतदान पुढच्या रविवारी, पाडव्याच्या आधी, असं ठरलं.

अनिकेत जाताना जवळ आला. "ताई, तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतंत." चिडलेला नव्हता. दुखावलेला होता. "आता माघार घेतली तर घाबरलो म्हणतील. मी उभा राहतोय."

राहा म्हटलं.

सोम. १७ मार्च

ग्रुपवर सामसूम. एकाचंही अभिनंदन नाही. रेवाचा मात्र मेसेज: "वाह लाउ! आई!!" म्हणजे इथलं 'बापरे'. पुढे मतांचं गणित विचारलंय. माझ्या अंदाजाने आज मतदान झालं तर मी पडते.

ऑफिसमधून निघत होते तर आप्पांचा फोन. वाटलं, आता माघार घे म्हणतील. तयारीत होते.

"मीनल, झालं ते झालं. आता रविवारचं बघायला हवं. मतपत्रिका छापायच्या, पेटी, सभासदांची यादी, हॉल परत बुक करायचा. हे सगळं तूच करशील ना? बाकी कोणाला यातलं काही माहीत नाही गं."

रस्त्यात उभी राहून हसले. मग इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पा, मी उमेदवार आहे."

"हो, ते आहेच. पण मग करणार कोण?"

"ते तुमच्या पॅनेलने ठरवावं," म्हटलं आणि फोन ठेवला.

घरी आल्यापासून एकच घोकतेय. हॉलचं बुकिंग बुधवारपर्यंत करायला लागतं. हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नाही. फोन करायचा नाही, मीनल. करायचा नाही.