सायवनच्या धुरीचे खापर

दि. ५ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वसुमती स्मारक बाल रुग्णालय, डहाणू

विषय : बाळाच्या छातीत कफ साचल्याचा दोष घरच्या धुरीवर टाकणारा जबाब नाकारणेबाबत व दुसरे ऑपरेशन ठरल्या दिवशीच करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाने अर्जदारापुढे सरकवलेला जबाब.

महोदय,

१) अर्जदार जिवली, राहणार सायवन, हिचे बाळ वाणगावच्या दवाखान्यात जन्मले आणि आतड्याच्या ऑपरेशनसाठी त्याच दिवशी थेट आपल्याकडे आणले गेले. तेव्हापासून ते आपल्याच वॉर्डात आहे. ऑपरेशन नीट झाले, ते उपकार अर्जदार विसरलेली नाही. पण नंतर छाती कफाने भरली आणि बाळ निळे पडले.

२) भुलीच्या डॉक्टर कीर्ती मॅडमनी तिला समजावले, की श्वासनलिकेत केसांसारखे बारीक तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. भुलीच्या वायूने ते मंदावतात. वायू कोरडा आणि थंड असला की जास्तच. तान्ह्याची नळी मुळात अरुंद. म्हणून वायू ऊबदार व ओलसर करून देतात. ते करणारे यंत्र त्या दिवशी बंद होते. कफ नेमका कशाने साचला हे छातीठोक सांगता येत नाही, असेही मॅडम म्हणाल्या.

३) या प्रकाराची चौकशी करायला आपण नेमलेल्या साहेबांना मात्र सगळे छातीठोक ठाऊक आहे. "घरी बाळाला धुरी देता का?" असे त्यांनी विचारले. अर्जदार "देतो ना" म्हणाली, कारण सासू पुतळी हिने घरातल्या प्रत्येक बाळाला ओव्याची धुरी दिली आहे. तेवढ्यावर 'मातेचा निष्काळजीपणा' लिहून झाला. महोदय, या बाळाने घर अजून पाहिलेलेच नाही. त्याची पाचवीसुद्धा आपल्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुजली. सायवनची धुरी डहाणूला कोणत्या एस.टी.ने आली, तेही चौकशीत नमूद करावे.

४) दुसरे ऑपरेशन सोमवारी आहे. जबाबावर अंगठा उठवल्याशिवाय बाळाला टेबलावर घेणार नाही, असे सांगण्यात आले. अर्जदार अंगठा देणार नाही. तिने खोटे कबूल केले तर यंत्र कोण दुरुस्त करील? तिचे भुलीशी भांडण नाही, भूल हवीच. पण यंत्र चालू करून, मॅडमकडून तपासून मगच द्यावी.

५) सोमवारी सकाळी अर्जदार बाळाला घेऊन थिएटरच्या दाराशी बसेल. वॉचमन पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत, ती उठणार नाही.

विनंती थोडी, हट्ट जास्त, तरीही आपली नम्र,

जिवली शुक्रा दुमाडा

सोबत : सदर जबाब, अंगठ्याची जागा कोरी ठेवून परत. अर्जदाराला सही येते. ती वर केली आहे.