भीमराव पीत नव्हते

कोल्हार, ४ सप्टेंबर १९९५
शिक्षकखोलीतल्या माझ्या कपाचा कान तुटला. अपराधी अज्ञात, साक्षीदार मूक. अशा कपानं बोटं भाजतात, आणि संस्कृत शिक्षकाची उरलीसुरली प्रतिष्ठाही. हेडसरांकडे लेखी तक्रार करावी, असा गंभीर विचार.
दुपारी आळीतल्या चंद्राबाई. नवरा भीमराव, हवालदार. फिट येते म्हणून लष्करानं घरी पाठवलेला, गेल्या उन्हाळ्यात वारला. अपंगत्वाचं पेन्शन शेवटपर्यंत नामंजूर. कारण : आजार नोकरीमुळे नव्हे, आनुवंशिक. बाई म्हणतात, डोंगरात गाडीतून डोक्यावर पडला, त्यानंतर सुरू झालं. आता हायकोर्ट. इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे.
"पैशाचं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. ते रक्तातलं म्हनून लिवलंय, तेवढं खोडा."
बाईंच्या घरात मुलगी सुमन लग्नाची.

११ सप्टें.
बाईंसोबत नगरला, वकीलसाहेबांकडे. घराण्यात कुणाला फिट नव्हती, भीमरावला पडल्यावरच आली, अशी शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत. सोपं वाटलं. परतताना यष्टीत बाईंनी पेरू दिला. माझ्या इंग्रजीला एवढं मोल प्रथमच.

१७ सप्टें.
सोपं नव्हतं. सगळे भल्या मनानं एकच सांगतात : भीमराव प्यायचा, रस्त्यात पडायचा. शेजारचे दगडूनाना तर अंगठा द्यायलाही तयार. "लई भला मानूस, पर घेतली की आडवा." हे कोर्टात गेलं की दावा संपला.
बाईंना विचारलं. बराच वेळ चूल फुंकत राहिल्या. मग सांगितलं. तो पडला की सासूबाई धावत जाऊन त्याच्या सदऱ्यावर दारू शिंपडायच्या. सासूमागं ह्या स्वतः.
"दारुड्याची पोरगी करत्यात लोक. फिटवाल्याची कोन करंल?"
आणि तो?
"सुदीवर आला की सदऱ्याचा वास घ्यायचा. बोलायचा काय न्हाई."
थेंब घेतला नव्हता माणसानं.

२ ऑक्टो.
राहात्याचे पाहुणे. सुमन पसंत. मुलाच्या मामांनी मला बाजूला घेतलं : बाप पीत होता म्हणे? मी हो आणि नाहीच्या मधली मान हलवली. शिक्षकांना ती जमते. मामा उदार. "चालायचंच. आमच्यात बी हायेत."

९ ऑक्टो.
बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. दावा केला तर फिटचं गावभर होणार. न केला तर 'आनुवंशिक' हा शेरा तसाच, पण लष्कराच्या दप्तरात, झाकलेला. सुमन दारातून म्हणाली, "लिहा, सर. दारुड्याची म्हणून शाळेत लई ऐकलंय मी."
बाई : "मंग दारू मी शिंपडली, ते बी लिवा."
दगडूनानांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. नाना तंबाखू मळायचे थांबले. "मंजी मी त्याला येवढ्या शिव्या दिल्या, त्या..." प्रतिज्ञापत्र देतो म्हणाले.

२३ ऑक्टो.
दावा दाखल. राहात्याहून निरोप नाही. मामा बाजारात दिसले, मेथी निवडण्यात फारच गढलेले.
मसुद्यात ठणकावून लिहिलं आहे : पडल्यामुळेच आजार. वकील खूश. मला खरं ठाऊक नाही. पडला म्हणून फिट आली, की फिट आली म्हणून पडला? गाडीत त्याच्याबरोबर कोण होतं, तेही कळलेलं नाही. सुमन विहिरीवर वाकते, तेव्हा कळशी वर येईपर्यंत माझी नजर हलत नाही.