पेटी नेगोवानची, पोट ब्लागोयेचं

लेस्कोवात्स,
ऑक्टोबर, मिरच्या भाजण्याचा शेवटचा आठवडा

सौ. वुकोसावाताईस,

धाकट्या तिहोमिरचा नमस्कार आणि रीतीप्रमाणे गालांवर तीन पापे. (दोन उजवीकडे, एक डावीकडे. तिकडे सुबोतित्सात उलटं असेल तर तसं मोजून घे.) स्वेतोझारभाऊजींचं पित्त कसं आहे? बदकं अंडी देतात का, की अजून नुसतीच जेवतात? तुझ्या गुडघ्याला ऊन लागू दे. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, सासूबाई तर जरा जास्तच. पत्राला तसं काही कारण नाही. मागायचं तर मुळीच काही नाही. सहज लिहायला बसलो.

वसंतात डॉक्टरांनी माझ्या हृदयात दोन जाळ्या बसवल्या आणि खिशातलं लायसन्स काढून घेतलं, हे तुला कळवलंच होतं. पुढचं कळवलं नव्हतं, कारण ते कळवण्यासारखं नाही. चौतीस वर्षं लेस्कोवात्स ते इटलीतल्या त्र्येस्तेपर्यंत बस चालवलेल्या माणसाने पहाटे साडेपाचला उठून करायचं तरी काय? मी बसस्थानकावर जाऊन उभा राहायचो. नुसता उभा राहायचो, एवढंच. (क्वचित "क्लच सोड रे, चिखल तुडवतोयस का!" असं ओरडायचो, पण ते नव्या ड्रायव्हरांच्या भल्यासाठी.) एका मंगळवारी एका बसचा आरसा वाकडा दिसला म्हणून तो सरळ करायला मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. आत एक्केचाळीस प्रवासी होते आणि किल्ली जागेवरच होती. फाटकापर्यंतच गेलो असेन. दुसऱ्या दिवशी स्थानकप्रमुखाचं अत्यंत सभ्य भाषेतलं पत्र आलं, की आपल्या सेवेबद्दल आदर आहे, पण यापुढे स्थानकाच्या शंभर मीटरच्या आत दिसू नये.

मग मी घरीच राहिलो. जेवताना टेबलाखाली ब्रेक दाबायचो, बटाटे कुस्करायच्या दांड्याने गिअर टाकायचो. ल्युबिंका बघायची आणि बटाटे काट्याने कुस्करायची. एकदा स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे वळताना मी तोंडाने हॉर्न वाजवला. मला वाटलं, ती हसेल. ती ओट्याला टेकून रडायला लागली. ताई, बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला फक्त तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला रडताना पाहिलं होतं, आणि तेव्हाही ती एका हाताने पाहुण्यांच्या ताटल्या मोजत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने कुठून तरी चौकशी करून बस चालवायचा खेळ आणला, टेबलाला लावायच्या स्टिअरिंगसकट. त्यात सगळ्या युरोपचे रस्ते आहेत, प्रवासी आहेत, सुटकेससुद्धा आहेत. फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो झेपेना. पहिल्या दिवशी माझी बस एका झाडासमोर उभी होती. वीस मिनिटांनी त्याच झाडासमोर. अर्ध्या तासाने ती झाडावर होती. तेव्हा कळलं, की या खेळांना वेगळा, दांडगा कॉम्प्युटर लागतो. आणि तिथून, ताई, आमच्या गल्लीची दोन शकलं झाली.

कारण असा कॉम्प्युटर एक तर तयार विकत घ्यायचा, नाहीतर सुटे भाग आणून घरी जोडायचा. समोरचा नेगोवान (तोच, ज्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि जो मिशीला तेल लावतो) म्हणाला, "शेजारी, तयार घे. पेटी आणली, वायर खोचली, निघाली बस. जोडाजोडी म्हणजे लग्न करायला वेगवेगळ्या बायकांचे हातपाय गोळा करणं." हे ल्युबिंकाच्या चुलतभावाला, ब्लागोयेला कळलं. ब्लागोये दातांचा डॉक्टर आहे, पण त्याला दात आवडत नाहीत, त्याला कॉम्प्युटर आवडतात. तो पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून धावत आला. (पेशंट आमच्या पोस्टमास्तरीणबाई होत्या. त्या तशाच मागून आल्या, काही बोलू शकत नव्हत्या.) "दाजी," तो म्हणाला, "तयार घेणं म्हणजे दुसऱ्याची कवळी घालून जेवणं! आत कसला माल भरलाय, कुणाला ठाऊक?" आणि जाता जाता दोघांनीही वेगवेगळं बजावलं, की दुसऱ्याचं ऐकलंस तर आठ नोव्हेंबरला, आपल्या घरच्या संताच्या सणाला, तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. एकाच्या मांडीवर आमची लेक न्हाली-माखली, दुसरा फुकट दात काढतो. कुणाला तोडायचं, तूच सांग.

आधी नेगोवानच्या दुकानात गेलो, सासूबाईंना घेऊन. (घेऊन म्हणजे, त्या आल्या.) त्याने काचेची पेटी दाखवली. आत लाल-निळे दिवे, लग्नाच्या हॉलसारखे. सासूबाई स्तामेनाबाईंनी चष्मा लावून विचारलं, "हे गरगर काय फिरतंय?" नेगोवान अभिमानाने म्हणाला, "पंखे, आजी. सात!" ताई, तुला आमच्या सासूबाईंचं वाऱ्याच्या झोताशी असलेलं वैर माहीत आहे. घरात दोन खिडक्या एकदम उघडल्या तर त्या माणसांची मोजदाद करतात. "सात?" त्या म्हणाल्या. "समोरासमोर? अरे मेल्या, हे मशीन नाही, न्यूमोनिया आहे! माझ्या दिराची मान अर्ध्या खिडकीने वाकडी झाली होती, आणि तू हृदयाच्या पेशंटला सात पंख्यांपुढे बसवतोस?" आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं, कानांवर स्वतःची ओढणी दाबून.

त्यामुळे जोडायचं ठरलं. शनिवारी सकाळी ब्लागोये सगळे सुटे भाग घेऊन आला. नेमक्या त्याच दिवशी आमची हिवाळ्याची आयवार (मिरच्यांची चटणी) घालायची होती, म्हणजे अंगणात साठ किलो लाल मिरच्या भाजत होत्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका अंगाला त्या सोलल्या जात होत्या, दुसऱ्या अंगाला माझा कॉम्प्युटर जन्माला येत होता. ब्लागोयेने पांढरा डगला घातला. अंगातली वीज नाजूक भागांना मारते म्हणून त्याने तांब्याच्या तारेने स्वतःला हीटरच्या नळीला बांधून घेतलं, मग मला स्वतःशी बांधलं, आणि ल्युबिंकाला माझ्याशी बांधायला लावलं. ल्युबिंका मिरच्या सोलत होती, तिला अंगणात जायचं झालं की आम्ही तिघंही दारापर्यंत जायचो. प्रत्येक स्क्रू बसवताना तो सवयीने म्हणायचा, "दुखलं तर हात वर करा." मी दोनदा केला.

सगळं बसलं, आणि मग ब्लागोये पांढरा पडला. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक मलम लावावं लागतं, उष्णता वर जायला. ते आणायचं तो विसरला होता. शनिवार दुपार, नेगोवानचं दुकान बंद (आणि उघडं असतं तरी ब्लागोयेने त्याच्याकडे मागण्यापेक्षा स्वतःचे दात उपटून घेतले असते). तेव्हा सासूबाईंनी फळीवरून डबा काढला. "पातळ थर पाहिजे ना? चिकट? मग हे लाव. माझ्या आईने याने गाडीची चाकं फिरवली, मुलांच्या छात्या चोळल्या." ती डुकराची चरबी होती, गेल्या हिवाळ्यातली. ब्लागोयेने डब्यावर बोटाने टकटक केलं, दातावर करतो तसं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "शास्त्राच्या दृष्टीने... तासभर चालेल," आणि वाटाण्याएवढी लावली.

बटण दाबलं. ताई, चालला! स्क्रीनवर माझी बस आली, मी स्टिअरिंग धरलं, आरसा लावला, आणि लेस्कोवात्सहून निघालो. निशपर्यंत सगळे थांबे वेळेवर घेतले. एप्रिलपासून पहिल्यांदा. ल्युबिंका मिरची हातात धरून मागे उभी होती आणि एका वळणावर तिने माझ्याबरोबर अंग झुकवलं, पूर्वी पहिल्या सीटवर बसून झुकवायची तसं.

अलेक्सिनात्सच्या पुढे तळलेल्या चरबीचा वास यायला लागला. मला वाटलं, खेळ फार खरा केलाय, रस्त्याकडेची खानावळ असेल. मग फाटकाशी एक कुत्रं आलं. मग चार. मग गल्लीतली सगळी कुत्री दाराशी बसली, माणसं चर्चमध्ये बसतात तशी शिस्तीत, नाक आमच्या खिडकीकडे. कॉम्प्युटर एकदा कण्हला आणि बस बंद पडली, बत्तीस प्रवाशांसह. ब्लागोयेने पेटी मागून उघडली तर हवेच्या प्रत्येक भोकात लोकरीचे मोजे कोंबलेले. सासूबाई मिरची सोलत शांतपणे म्हणाल्या, "जावयाच्या मानेवर वारा येत होता."

कुत्र्यांमुळे बातमी नेगोवानपर्यंत गेली. तो मिशीला ताजं तेल लावून हजर झाला. "ब्लागोये, तू कॉम्प्युटर जोडलास की नाश्ता?" ब्लागोये (अजून हीटरला बांधलेला, त्यामुळे त्याचा आवेश दीड मीटरवर संपत होता) म्हणाला, की निदान मी आत काय घातलंय ते लपवत नाही. नेगोवान म्हणाला, चरबी लपतही नाही. मग त्यांनी एकमेकांच्या मेलेल्या नातेवाइकांचा उल्लेख सुरू केला, आणि सण माझ्या डोळ्यांदेखत हातचा जाताना दिसला.

निकाल स्तामेनाबाईंनी लावला. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं. सोमवारी नेगोवानकडून ती सात पंख्यांची काचेची पेटी आणली, ब्लागोये यायच्या आत मी तिचं पोट रिकामं केलं, आणि मग चरबी पुसून, खरं मलम लावून, ब्लागोयेने आपले भाग त्यात बसवले. नेगोवानला सांगितलंय, की अखेर तयारच घेतला. ब्लागोयेला सांगितलंय, की पेटी रिकामीच विकत मिळाली. दोघंही येऊन बघून गेले. दोघांनीही "मी म्हणत नव्हतो?" असं म्हटलं. बस सुरळीत धावते आहे. सासूबाईंनी पंख्यांना परवानगी दिली आहे, पेटी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवण्याच्या अटीवर. तिच्यावर छत्री बांधली आहे.

तर असं सगळं क्षेम आहे. सणाला दोघं नक्की या. कॉम्प्युटर बांधला की आणला, असं कुणी विचारलं तर खोकला आल्यासारखं करा.

तुझा,
तिहोमिर

ता.क. मागायचं काही नाही असं वर लिहिलंय, ते वाचू नकोस. ताई, सासूबाईंना हिवाळाभर तुझ्याकडे बोलाव. आधी त्या माझ्या मानेवर लक्ष ठेवायला शेजारी बसायच्या. मग रस्ता सांगायला लागल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "सरक, तुला जमत नाही." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, निशच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत, आणि आता नाश्त्याला व्हिएन्ना, जेवायला म्युनिक! प्रवाशांना खिडक्या उघडू देत नाहीत. मला तिकिटं तपासायला बसवलंय. दहा दिवस झाले, स्टिअरिंगला माझा हात लागलेला नाही. फार तर मार्चपर्यंत ठेवून घे. भावाच्या नात्याने सांगतो.

ता.ता.क. वुकोसावाबाई, मी स्तामेना. पाकीट उघडं होतं. लिहिलंय ते खरं आहे, पण त्या चरबीला वास नव्हता, वास ब्लागोयेच्या सामानाचा होता. बोलावण्याची तसदी घेऊ नका. परवा तुमच्या सुबोतित्सावरूनच गेले. थांबले नाही, स्टॉपवर कुणी नव्हतं. जावई तिकिटं नीट तपासत नाहीत.

ता.ता.ता.क. ताई, पत्र आज टाकणार होतो, राहिलं, ते बरं झालं. आज दुपारी सासूबाई त्र्येस्तेला पोचल्या. माझाच जुना रस्ता, शेवटच्या तीन वळणांना मी फक्त "आता" एवढंच म्हणत होतो. समोर समुद्र आला. त्यांनी बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बसून राहिल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. "पाणी गार असतं का रे?" त्यांनी विचारलं. मी चौतीस वर्षांत त्या पाण्यासमोर शेकडो वेळा बस उभी केली, पण आमची थांबायची वेळ बारा मिनिटं, तेवढ्यात मी काचा पुसायचो. कधी खाली उतरलो नाही. मग त्यांनी ल्युबिंकाला घंगाळ आणायला सांगितलं, त्यात पाणी, पाण्यात दोन मुठी मीठ. आम्ही तिघंही स्क्रीनसमोर घंगाळात पाय बुडवून बसलो आहोत, हे त्यातूनच लिहितोय, म्हणून अक्षर असं. गार आहे.

त्यांना बोलावू नकोस. उद्या आम्हाला लवकर निघायचंय, आणि त्यांना परतीचा रस्ता माहीत नाही.