तांबड्या पाठीचे खेकडे

१२ ऑगस्ट १९३७
न्हाणीघरात खेकडे! शंभर! आमचे हे अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, म्हणून काय घंगाळात खेकडे? एकेकाच्या पाठीवर तांबडं रोगण लावत बसलेत. लग्नात मंगळसूत्र बांधताना ह्यांचे हात लटपटत होते — इथे काय सफाई!

१३ ऑगस्ट
रंगवलेले सगळे गावाबाहेरच्या नव्या तलावात परत सोडले. तिथे खेकडे मुळात नव्हतेच. दोन वर्षांखाली कुणीतरी नदीवरून आणून टाकले. आता बांधात बिळं करतात. किती झाले ते म्युनिसिपल कमिटीला हवंय. फार असले तर तलाव रिकामा करून बांध नव्याने घालायचा. बांध फुटला तर खालीच भाजीच्या वाड्या आहेत.

२८ ऑगस्ट
पुन्हा साठ धरले. त्यात चाळीस तांबडे! ह्यांचं गणित — साठात चाळीस, म्हणजे रंगवलेले शंभर एकूण दीडशेत. “फक्त दीडशे, गोदावरी! बांधाला भीती नाही.” अहवाल कमिटीला गेला. नक्कल नागपूरला, तिथल्या कॉलेजातल्या मोठ्या जागेच्या अर्जासोबत. स्वारी आरशापुढे टाय बांधून पाहते आहे. टाय उलटा.

३ सप्टेंबर
झोपेतही “दीडशे” म्हणाले.

११ सप्टेंबर
तानुबाई माळीण वांगी घेऊन आली. तिची वाडी अन् घर बांधाला लागूनच. मी सहज म्हटलं, “खेकडे कमीच आहेत म्हणे तलावात.”
ती हसतच सुटली. “कमी? टोपल्यानं धरून राहिलो आमी, मास्तर जाळं टाकतात त्याच काठाला! खातो बी. लाल पाठीचे तेवढे तिथंच परत सोडतो — मास्तरचे हायत ना ते!”
मीही हसले. मग हसू थांबलं. साधे हे लोक खातात, तांबडे सोडतात — मग त्या काठाला ह्यांच्या जाळ्यात तांबडेच येणार! बाकी सगळ्या बांधात साधे भरलेलेच. दीडशे कसले, हजारही असतील.
सांगावं? नागपूर जाईल हातचं.
जेवताना सांगितलं. ह्यांनी घास खाली ठेवला. “आधी तिलाच विचारायला हवं होतं,” एवढंच बोलले.

१२ सप्टेंबर
सकाळीच कमिटीत जाऊन “माझी मोजणी चुकली” म्हणाले. सगळे हसले म्हणे. नागपूरलाही तसंच लिहून कळवलं. दुपारी तलावाची मोरी उघडून पाणी सोडून दिलं.

२७ सप्टेंबर
नागपूरचा नकार आला.
बांध अर्धा उकरला. मजुराने एका बिळात बांबू घातला, तो सरळ पलीकडे निघाला — तानुबाईच्या अंगणात. तिथे बाजेवर तिची सून तान्ह्याला पाजत होती.