पहिल्या रांगेतला हात

तीर्थरूप आईस,

प्रेक्षक हात वर करत होते आणि मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून मोजत होते. घाबरू नकोस, हेच आमचं नाटक. नव्वद वर्षांपूर्वी एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला, तो आम्ही त्याच कोर्टात करतो. निकाल प्रेक्षक देतात. ती तेव्हा सुटली होती, मीही रोज सुटते.

काल ‘दोषी’ म्हणून एकच हात वर आला, पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीचा. नंतर आम्ही कपडे बदलतो त्या वकिलांच्या खोलीत ती आली.

“मी तिची नात.”

“मग तुम्हीच तिच्याविरुद्ध?”

“अगं, तिनेच सांगितलं मला, जायच्या आधी. काम छान करतेस हो, पण ती असली रडूबाई नव्हती.”

मी तिला मनापासून निर्दोष मानत होते गं. आता पिंजऱ्यात कशी उभी राहू?

बाबांचा खोकला कसा आहे? मी वेळेवर जेवते.

तुझी,
चिमी

ता. क. आज सकाळी तालमीत मी अजिबात रडले नाही. दिग्दर्शक म्हणाले, “आज पहिल्यांदा तू निर्दोष वाटलीस.”