सहा नंबरची हजेरी

२१ जुलै १९८६, सोमवार. धुळे

सकाळच्या एस.टी.ने जळगावहून निघाले, साडेदहाला इथे. शेजारच्या बाईने आग्रह करून दोन केळी दिली आणि बदली, वय, नवरा, मुलंबाळं असं सगळं विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली, केळी खाल्ली. प्रवास उत्तम झाला.

पूरसूचनेचं बिनतारी केंद्र गावाबाहेर माळावर आहे. दोन खोल्या, मागे माझं क्वार्टर, वर चाळीस फुटी एरियल. हवा मोकळी, माणसं कमी. मला असंच लागतं.

माझ्या हाताखाली पाच केंद्रं. एक, दोन आणि पाच नद्यांच्या काठी; पाण्याची पातळी कळवतात. तीन नंबर साक्रीपलीकडे उंबरखोरे धरणावर. तिथे पाच दारं आहेत आणि भटू नावाचा ऑपरेटर. चार नंबर धरणाखालच्या निंबवाडे गावात, वस्ती चौदाशे. धरणाची दारं उघडायची ती माझ्या हुकुमावर, आणि त्याआधी निंबवाड्याला सूचना द्यायची तीही मीच. बाकी सगळं काम या एका गोष्टीसाठी.

मला इथे आणण्याचं कारण असं. जूनमध्ये कोणीतरी आमच्या लहरीवर घुसून भटूला दारं दोन फूट उचलण्याचा हुकूम दिला. भटूने उलट विचारलं म्हणून निभावलं. घुसणारा सापडला नाही. बत्तीस वर्षांपूर्वी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हापासून रेडिओच करते आहे. आठ दिवसांत या लाइनीला कुलूप घालते.

मेकॅनिक नासीर हुशार आहे, फक्त बोलतो फार. स्वयंपाकाला शेवंताबाई येतात. रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. तिखट विचारून घालायचं असतं हे त्यांना मान्य नाही.

२३ जुलै, बुधवार

दोन दिवस नुसतं ऐकलं. ही लाइन नव्हे, चावडी आहे. पातळी सांगायच्या आधी च्या झाला का, भाकर झाली का, कोणाच्या म्हशीला काय झालं. असल्या गलबल्यात चोर शिरला तर नवल काय?

आज नियम दिले. एक: गप्पा बंद. दोन: आधी हजेरी, सगळ्या केंद्रांची हजेरी पूर्ण झाल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही, घ्यायचा नाही. तीन: प्रत्येकाला पन्नास शब्दांचं कार्ड. मी आकडा सांगेन, त्यांनी त्या आकड्यापुढचा शब्द सांगायचा. मग त्यांनी आकडा द्यायचा, मी शब्द सांगेन. शब्द चुकला की तो माणूस परका.

भटूला हे पटेना. कार्ड कसाले, तुम्हना आवाज मी वळखस ना, अक्का, म्हणाला. मी त्याला सांगितलं, आवाज ओळखायचा नाही, शब्द ओळखायचा. उद्या माझ्याच आवाजात कोणी बोललं आणि शब्द चुकला, तर तोंडावर नाही म्हणायचं. हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

लहरही बदलली. नासीरने केंद्रोकेंद्री फिरून पाचही सेटांत नव्या लहरीचे क्रिस्टल बसवायला घेतले आहेत. कार्डं तोच पोचवील.

२८ जुलै, सोमवार

आज नव्या लहरीवर, नव्या कार्डांवर पहिली हजेरी. पाचही शब्द बरोबर. सहा मिनिटांत काम आटोपलं, पूर्वी पंचवीस लागत.

मात्र पाच नंबरची हजेरी झाल्यावर कोणीतरी माइकचं बटण दाबलं. खट्. मोजून तीन सेकंद शांतता, मग सुटलं. दुपारीही तसंच, संध्याकाळीही. नवी लहर त्याला पहिल्याच दिवशी सापडली आहे. बटण दाबतो, म्हणजे सेट आहे. सेट आहे म्हणजे जागा आहे. जागा शोधता येते.

शेवंताबाईंची लेक मंदा निंबवाड्याला दिलेली. आठवड्यापूर्वी बाळंत झाली, मुलगी. शेवंताबाई मला विचारत होत्या, मन्ही मंदाले तुम्हना मशीनवरतून निरोप जाई का? नियम म्हणजे नियम. नाही म्हणाले.

३१ जुलै, गुरुवार

दिशा शोधायची तर तो जास्त वेळ बोलायला हवा. म्हणून आज सकाळी पाच नंबरची हजेरी झाल्यावर मी स्वच्छ आवाजात पुकारलं, केंद्र सहा.

उत्तर आलं: हजर.

पुरुषाचा आवाज नव्हे, बाईचाही म्हणता येणार नाही. माइकची खरखर नाही, शब्दाआधी श्वास नाही. नासीर बाहेर गोल एरियल फिरवत होता. ते फिरवताना एका दिशेला आवाज बारीक होतो, त्यावरून जागा कळते. आवाज कुठेच बारीक झाला नाही. नासीर आत येऊन म्हणाला, मॅडम, हा कुठूनच येत नाही. मग जरा हसून म्हणाला, हजेरीपटावर नाव घालू का याचं?

बाकीच्या ऑपरेटरांना वाटलं नवं केंद्र उघडलं. भटूने विचारलंही, सहा नंबर कोनता गावले शे? चोराला सुगावा लागू नये म्हणून मी त्यांना हो उघडलंय एवढंच सांगितलं. सगळ्यांनी आपापल्या पटावर सहावी ओळ आखली.

रोज तीनदा पुकारणार. सापडेल.

४ ऑगस्ट, सोमवार

पंधरा वेळा तरी पुकारलं असेल. आता तो पुष्कळ बोलतो. धरणाची पातळी सांगतो, भटूच्या आधी सांगतो, आणि भटूची त्यानंतर येणारी पातळी तीच असते. इंचभर फरक नाही.

आज त्याने दोन नंबरला दटावलं. वेळेवर बोला, पुढचं बोला. हे माझे शब्द आहेत. शब्दांमधलं थांबणंही माझं. नासीरने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली वाकून सेटच्या मागचा स्क्रू उगाच पिळू लागला.

उद्यापासून सहाला पुकारणार नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

पुकारलं नाही. पाच झाल्यावर हुकूम द्यायला तोंड उघडलं तर लाइनीवर माझा आवाज आला. अगदी माझा, शाळामास्तरणीचा, टेप लावल्यासारखा. म्हणाला: सहाची हजेरी राहिली. हजेरी पूर्ण झाल्याशिवाय हुकूम नाही.

आणि पाचही ऑपरेटर गप्प बसले. नियमाने.

मला सहा पुकारावं लागलं.

६ ऑगस्ट, बुधवार

नवी कार्डं केली. दार लावून, स्वतःच्या हाताने, मनात येतील ते शब्द. लिफाफे सीलबंद करून नासीरबरोबर पाठवले. त्याने ते फोडले नाहीत, सील शाबूत होतं का हे मी प्रत्येक केंद्राला विचारून घेतलं.

संध्याकाळी दोन नंबरला चौदा आकडा दिला. दोन नंबर कार्ड चाळत होता तेवढ्यात सहाने शब्द सांगितला. पाटा. बरोबर होता.

एरियलची तार उपटली. आवाज येत राहिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

निर्णय घेतला. तार परत जोडून साडेअकराला सगळ्यांना सांगितलं, लाइन बंद, यापुढे फक्त माझ्या सहीचा कागद मानायचा. मग सेटची बॅटरी काढली. उंबरखोऱ्याचा टेलिफोन परवाच्या पावसात पडला आहे, म्हणून नासीरला सकाळी नऊलाच मोटारसायकलवर चिठ्ठी देऊन धाडलं होतं. चार वाजेपर्यंत सेट बंद ठेवून मी समोर बसून राहिले. शांत वाटलं. कुलूप लागलं असं वाटलं.

नासीर पाचला परतला. चिठ्ठी त्याच्या हातातच होती. भटूने घेतली नाही. मॅडमनी लाइनवर सांगेल शे, खोटा कागद येतीन, असं म्हणाला. नासीर बारा वाजता त्याच्या खोपटात उभा होता. सेटवर मी बोलत होते. पाचही केंद्रांना नवीन पन्नास शब्द सांगत होते. एकेक, सावकाश, लिहून घ्यायला वेळ देत. जुन्या कार्डाचे सगळे शब्द आधी बरोबर दिले होते.

नासीरने मला विचारलं, मॅडम, बारा वाजता तुम्ही कुठे होता?

मी म्हणाले, इथे, बॅटरी काढून. त्याने टेबलावरच्या बॅटरीकडे पाहिलं. मग म्हणाला की जरीनाला बरं नाही, दोन दिवस रजा हवी. जरीना त्याची बायको. काल तिने डबा भरून दिला होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सेट पुन्हा लावला. भटूला पुकारलं. त्याने आकडा दिला, मी माझ्या कार्डावरचा शब्द सांगितला. तो म्हणाला, चूक. तुम्ही कोन शेतस माहीत नही, लाइन सोडा. मी ओरडले. तो म्हणाला, आवाज वळखाना नही, शब्द वळखाना.

माझीच शिकवण.

जळगावच्या साहेबांना ट्रंक कॉल लावला. तासाने लागला. ते म्हणाले, सकाळीच तर तुम्ही वायरलेसवर सगळं ठीक आहे असा अहवाल दिलात. आवाज थकलेला वाटतो, विश्रांती घ्या.

साक्रीकडे रात्रीपासून पाऊस आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

हजेरी माझ्याशिवाय झाली. मी ऐकली. एक ते पाच, सगळ्यांचे शब्द बरोबर असावेत. सहाला पुकारलं नाही, सहाची हजेरी उद्या चारला असं सांगितलं. मग हुकूम. माझ्या आवाजात: धरण भरत आलं आहे, उद्या दुपारी चारच्या हजेरीनंतर पाचही दारं एकदम पूर्ण उचला. पाणी पात्रातच राहील, निंबवाड्याला काही कळवू नका, लोक उगाच घाबरतात.

चार नंबरने जी म्हटलं.

पाचही दारं एकदम. निंबवाड्याला दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

पोलिस ठाण्यात गेले. हवालदारांनी खुर्ची दिली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

शेवंताबाईंना सांगितलं. सगळं. त्या भांडं तसंच टाकून उठल्या. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, अक्का, तुम्ही तुम्हीच शेतस ना? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, मंग चाला.

१० ऑगस्ट, रविवार. साक्री स्टँड, सकाळी दहा

काल बस मिळाली नाही, नाल्याला पाणी होतं. पाणी ओसरलं की एक टेम्पो जाणार आहे. ठरलं आहे: शेवंताबाई निंबवाड्यात उतरून लोकांना टेकडीवर न्यायला लागतील, मी धरणावर भटूकडे. त्याच्याशी तीन आठवडे रोज बोलले आहे, तोंड अजून पाहिलेलं नाही. समोर उभी राहिले तर मानेल. माणूस माणसाला मानतो.

उंबरखोरे. साडेतीन

मानलं नाही.

भटू पन्नाशीचा, भला माणूस. हात जोडले त्याने. म्हणाला, मॅडमनी सांगेल शे, चष्म्यावाली बाई येई, मॅडमनंच नाव सांगी, रडी बी. बसा अक्का, च्या ल्या. आणि मला खोपटाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. चहा खरंच खिडकीतून दिला.

भिंत पत्र्याची. पलीकडे सेट आहे, सगळं ऐकू येतं. खिडकीला गज. खाली निंबवाडे दिसतं. देवळापाशी गर्दी जमली आहे, शेवंताबाईंचं हिरवं लुगडं मधोमध. हातवारे चालू आहेत. कोणी हलत नाही.

पावणेचार

हलले. पहिली दहा-बारा माणसं टेकडीच्या वाटेला. बायका, एक बैलगाडी. अर्धा तास मिळाला तर होईल. अर्धा तास कुठून

चार

हजेरी सुरू झाली. माझा आवाज. एक हजर. दोन हजर. तीन — हा भटू, भिंतीपलीकडे — हजर. चार. पाच.

केंद्र सहा.

कोणी बोलत नाही. केंद्र सहा. पुन्हा. भटू वाट बघतोय, खुर्ची वाजते त्याची. सहाव्या ओळीपुढे पेन्सिल धरून बसला असेल. हजेरी पूर्ण झाल्याशिवाय हुकूम नाही.

ती मला पुकारते आहे. सहा म्हणजे मी.

मी बोलले नाही तर हजेरी अडते. हजेरी अडली तर दारं अडतात. एवढंच करायचं. गप्प बसायचं. लोक चढेपर्यंत.

चार वाजून सात

केंद्र सहा. दर अर्ध्या मिनिटाला. इतकी वर्षं पुकार झाली की हजर म्हणत आले, घसा आपोआप वर येतो — पदर तोंडात कोंबला आहे — लिहीत राहते म्हणजे —

वाटेवर दोनशे तरी. गाडी रुतली, लोक उचलतायत.

चार चौदा

सहा. वेळेवर बोला. सहा.

दात रुतले, रक्त आलंय, पदर ओला. बोलणार नाही. अर्धं गाव वर — हिरवं लुगडं पुन्हा खाली निघालं. एकटंच. मंदाचं घर नदीकडे आहे — बाळ — दहा मिनिटं अजून, दहाच —

चार सतरा

सहा.

मी बोलले नाही. ओठ मिटलेले आहेत, बोटांनी चाचपले, मिटलेले आहेत, पदर आत आहे, आणि पलीकडे सेटवर माझा आवाज म्हणाला हज—

भटूची खुर्ची सरकली. मी पत्रा बडवतेय, एका हाताने लिहितेय, शेवंताबाई अजून खाली, मंदाच्या दारात कोणीतरी, हातात बाळ, भटू ती मी नाही, ती मी ना