तुमची उजवी बाजू

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी हे लिहितोय नागोयातल्या एका सातव्या मजल्यावरच्या घरात बसून, हे तुम्हाला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही चष्म्यावरून नुसते बघत राहिला असतात. तुमचा नातू इथे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. माझी बायको गेल्यावर त्यानेच मला पुण्याहून इकडे आणलं. आता कंपनी त्याला अमेरिकेतल्या कारखान्यात पाठवते आहे, सगळ्या कुटुंबासकट. तिकडे त्याचा कॉलेजातला मित्र बरीच वर्षं आहे. त्या मित्राला मध्यंतरी पेट्रोल भरताना कुणीतरी पिस्तूल दाखवून लुबाडलं. तेव्हापासून तोही कमरेला पिस्तूल बाळगतो, शर्टाच्या आत, रोज, दूध आणायला जातानासुद्धा. आणि आपल्या चिरंजीवांनी ठरवलं की आपणही घ्यायचं. सूनबाईंनी त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं, "तू कमरेला ते लावणार असशील तर तू एकटा जा. मी आणि मुलगी पुण्याला जातो." हे रागावून म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तिने ते आमटी वाढता वाढता म्हटलं.

घर अडलं ते इथे. आणि दोघंही बघायला लागले माझ्याकडे, कारण आमचे अप्पा कमरेला रिव्हॉल्व्हर लावून आठवडी बाजारांना जायचे, ही गोष्ट मी जन्मभर सगळ्यांना सांगत आलोय. तालुक्याचे सराफ, काळा कोट, डागिन्यांची पेटी, एसटीतली खिडकीची जागा. सांगताना माझा आवाज चढतो, शाळेत कविता म्हणताना चढायचा तसा.

"बाबा, तुम्हीच सांगा हिला," मुलगा म्हणाला. "आजोबा रोज बाळगायचे की नाही? काही झालं का कधी?"

"आजोबांना परवाना होता. तुला तिकडे काय म्हणून मिळणार?" सूनबाई.

"शिकारीचं लायसन्स काढलं की आमच्यासारख्या व्हिसावाल्यांनाही घेता येतं, असं मित्र म्हणतो. बघतो चौकशी करून."

"शिकारीचं! अंडं फोडताना तोंड वाकडं करतोस तू."

मी हसलो, मुलगाही हसला. मग हसू ओसरलं. त्याची भीती खोटी नाही, अप्पा. ज्या गावात नात टोपी घालून एकटी चालत शाळेत जाते आणि एकटी परत येते, तिथून तो तिला उचलून नेणार आहे. कुणा बापाने घाबरू नये असं मी कसं म्हणू?

तुमचं रिव्हॉल्व्हर घेतलं तो दिवस मला अजून दिसतो. पुण्यातलं बंदुकांचं दुकान, तेलाचा वास, काउंटरवर जाड लोकरी कापडाची हिरवी बनात. म्हातारा मालक बनातीवर एकेक मांडत जातो. गिऱ्हाईक हातात घेऊन नेम धरतं, एक डोळा मिटतं, म्हणून तो तुम्हाला जागा करून देतो. आणि तुम्ही काय करता, तर कोटाच्या आत रिकामं रिव्हॉल्व्हर खोचता आणि सरळ दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसता! मालक काउंटरवरून वाकून बघतो. तुम्ही तिथूनच सांगता, "मला गादीवर दिवसभर असंच बसायचंय. हे पोटात टोचतंय. दुसरं द्या." लांब नळीचं गेलं, जड होतं ते गेलं. एकाचा घोडा धोतराच्या निऱ्यांत अडकला, तेही गेलं. शेवटी राहिलं ते बत्तीस बोरचं आखूड विलायती. मालक म्हणाला, "शेठ, जन्म गेला धंद्यात, मांडी घालून बघणारे तुम्ही पहिले. पण बरोबर बघितलंत. मोठं हत्यार लोक हौसेनं घेतात आणि आठ दिवसांनी घरी ठेवून जातात." तुम्ही उठलात, कोट खाली ओढलात आणि मला विचारलंत, "दिसतंय का रे?" मी म्हटलं, नाही. तेवढ्या एका प्रश्नाने मी वर्षभर शाळेत छाती काढून फिरलो.

ही गोष्ट मुलगा माझ्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलाय. त्यामुळे त्याने काय केलं असेल? इथे खऱ्या पिस्तुलाचं नाव काढायची सोय नाही, पण खेळण्यातली मिळतात, मापाला आणि वजनाला जवळपास खऱ्यासारखी. गेल्या आठवड्यात तो बाजारातून तसं एक घेऊन आला. त्या अमेरिकेतल्या मित्राने सुचवलेलं, तळहाताएवढं. मग कमरेला लावून घरभर वावरायला सुरुवात. खुर्चीवर बसून बघ, खाली बसून बघ, गाडीत पट्टा लावून बघ, बुटाची नाडी बांधायला वाक. "आजोबांची परीक्षा घेतोय," मला म्हणायचा. सूनबाई त्याच्याकडे न बघता त्या खोलीतून या खोलीत जायची. एका सकाळी तर हे महाशय ते विसरून तसेच खाली कचरा टाकायला गेले. कावळ्यांनी उचकू नये म्हणून पिशव्यांवर टाकलेली जाळी नीट करायला वाकले, शर्ट वर गेला, आणि शेजारच्या आजीबाईंना सगळं दर्शन झालं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि पिशवी तिथेच सोडून झपाझप लिफ्टकडे गेल्या. मुलगा वर आला तो घामाने भिजलेला. संध्याकाळी बिस्किटांचा डबा घेऊन, ते खेळणं आहे हे दाखवून, दोघं नवराबायको माफी मागून आले. आजीबाई म्हणाल्या, "खेळणं का, बरं झालं." आणि दार जरा लवकर लावून घेतलं.

अप्पा, घरी आईची तुमच्याशी यावरून किती वेळा जुंपायची! "माझ्या सवतीला आधी कपाटात निजवा, मग पाटावर बसा." तुम्ही निमूट कपाट उघडायचात, कुलूप लावायचात, किल्ली जानव्याला, मग हात धुवायचात. स्वयंपाकघरात तुम्ही कधीच ते लावून आला नाहीत. पण बाहेर असायचात तेवढं ते तुमच्या कमरेला उजवीकडे असायचं, आणि मी मात्र कायम डावीकडे. तुमचा डावा हात माझा, उजवा मोकळा. शाळेच्या वाटेवर मी तुमच्या डाव्या पंज्यावर बोटांनी ठेका धरून कविता म्हणायचो. तुमची नजर समोर रस्त्यावर. मला वाटायचं, लक्ष नाही. आणि मी एखादी ओळ गाळली की तुम्ही थांबायचात. नुसते थांबायचात. ओळ आठवली की पुढे चालायचो. विसरून कधी मी उजवीकडून येऊन बिलगायला गेलो की तुमचा तळवा माझ्या कपाळावर यायचा आणि मला वळवायचा. "इकडून ये." त्याहून जास्त काही नाही.

शाळेच्या संमेलनात एक लांबलचक कविता एका दमात म्हणून मला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मी स्टेजवरून उतरून थेट पळत सुटलो आणि तुमच्या कमरेला मिठी मारली, उजवीकडून. तुम्ही मला असं ढकललंत की मी गुडघ्यांवर पडलो, सगळ्या पालकांसमोर. "कितीदा सांगितलं, इकडून!" तुमचा चेहरा पांढरा झाला होता. मला तो राग वाटला. ती भीती होती, हे स्वतः बाप झाल्यावर कळलं. संध्याकाळी तुम्ही शाईचं पेन आणून माझ्या दप्तरावर ठेवलंत आणि काही न बोलता निघून गेलात.

आता रविवारचं सांगतो. नात पोहून आली, केस ओले, तलावाच्या तिसऱ्या पट्टीत, म्हणजे वरच्या गटात, जाण्याची परीक्षा पास झालेली. दारातूनच जपानीत काहीतरी ओरडत बाबाकडे धावली. मुलगा आरशासमोर उभा होता, ते कमरेला होतंच. ती उजवीकडून झेपावली आणि त्याचा तळवा तिच्या कपाळावर आला.

"इकडून ये," तो म्हणाला.

अप्पा, हे शब्द मी त्याला कधी सांगितलेले नव्हते. गोष्टीत मी तेवढं नेहमी गाळत आलो होतो. ती थांबली. शर्टाच्या फुगवट्याकडे बघत तिने विचारलं, "होनमोनो?" म्हणजे, खरं आहे का. तो म्हणाला, नाही गं, खेळण्यातलं. "मग का?" हे तिने मराठीत विचारलं. तो शर्ट नीट करू लागला. ती तिच्या खोलीत निघून गेली.

तेव्हा मी बोललो. जे गाळलं होतं ते सगळं सांगितलं: कपाळावरचा तळवा, संमेलन, गुडघे. म्हटलं, आजोबांना ते रस्त्यात एकदाही बाहेर काढावं लागलं नाही, हे खरं. त्याच्यामुळे लागलं नाही की त्याच्याविनाही लागलं नसतं, हे मला माहीत नाही. तुझी भीती खोटी आहे असंही मी म्हणत नाही. पण मी त्यांच्या उजव्या बाजूला पहिल्यांदा मनासारखा बिलगलो तो, ते गेल्यावर त्यांना खाली ठेवलं होतं त्या दिवशी. आणि तेव्हासुद्धा, अरे, आधी हाताने चाचपून बघितलं.

सूनबाई आमच्या मागे भिंतीला टेकून उभी होती, केव्हा आली कळलं नाही. मुलाने ते काढून टेबलावर ठेवलं. "भीती राहणारच बाबा," तो म्हणाला. "राहू दे," सूनबाई म्हणाली, "दोघं मिळून घाबरू." आणि तिकडची शाळा घरापासून किती लांब आहे, असं त्याला विचारलं. काल तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते खेळणं सुटं करत बसला होता. कुठला तुकडा कुठल्या कचऱ्यात, ते नात शाळेत शिकवल्याप्रमाणे दरडावून सांगत होती. प्लास्टिक वेगळं, स्प्रिंग वेगळी. ती त्याच्या उजव्या मांडीवर बसली होती.

सगळे मला शहाणा म्हणताहेत. म्हणून हे तुम्हाला लिहितोय, टपालात टाकायचं नाही ते बरंच आहे. मी पहिल्या दिवशीच बोलू शकलो असतो. पण ते पहिल्यांदा लावल्यावर तो आरशासमोर वळला, शर्ट खाली ओढला आणि मला विचारलं, "बाबा, दिसतंय का?" त्याचा आवाज तुमचा, मान तुमची. मी म्हटलं, नाही. आणि पुढचे सगळे दिवस गप्प बसलो, तुम्ही घरात वावरत होतात म्हणून.